चष्म्याचं दुकान, खाजगी नेत्रतज्ज्ञ की सिव्हिल: नाशिकमध्ये डोळे दाखवायचे कुठे?

माझ्या वडिलांचा चष्मा दीड वर्षात तीनदा बदलला. तिन्ही वेळा तपासणी चष्म्याच्या दुकानात झाली. तक्त्यावरची अक्षरं ते वाचत होते, पण 'नीट दिसत नाही' हे पालुपद सुटत नव्हतं. शेवटी नेत्रतज्ज्ञांकडे नेलं आणि काचबिंदू निघाला. त्यात कडेची नजर आधी जाते, समोरचं बराच काळ दिसत राहतं. गेलेली नजर परत आली नाही. उरलेली रोजच्या थेंबांवर टिकून आहे. म्हणून पैसे आणि अंतर यांच्याआधी मी एकच गोष्ट विचारते: तिथे डोळ्याच्या आत कोण बघणार आहे?

दुकानातली तपासणी वाईट नसते. पंचविशीतल्या माणसाला फक्त नंबर हवा असेल आणि तपासणारा शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून नंबर काढणारा) असेल, तर खुशाल जा. मात्र नुसत्या कॉम्प्युटरच्या आकड्यावर चष्मा करू नका. समोर भिंगं बदलून विचारणारा माणूस हवा. चाळिशी ओलांडली, घरात कुणाला काचबिंदू असला किंवा मधुमेह निघाला, तर दुकान पुरत नाही. मधुमेहाच्या रुग्णाच्या डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) वर्षातून एकदा तरी थेंबांनी बाहुली मोठी करून बघायला हवा, दिसायला काही त्रास नसला तरी.

कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड या भागात खाजगी नेत्रतज्ज्ञ भरपूर आहेत. तिथला खरा फायदा म्हणजे दर वेळी तोच डॉक्टर आणि जुने रिपोर्ट. काचबिंदू आणि मधुमेहात मागच्या वेळेशी तुलना हाच अर्धा इलाज असतो. पाटीवर एम.एस., डी.एन.बी. किंवा डी.ओ.एम.एस. ही डोळ्यांच्या डॉक्टरची पात्रता आहे का ते बघा आणि फोनवरच विचारा: डोळ्याचा दाब मोजता का, थेंब टाकून पडदा बघता का? दोन्हीला सरळ 'हो' आलं नाही, तर मी दुसरीकडे जाते.

त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो आणि रांग मोठी असते. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तिथे भिंगासकट मोफत होते आणि साध्या मोतीबिंदूसाठी मी कुणालाही निर्धास्त पाठवीन. आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय ओझर, पिंपळगावकडून येणाऱ्यांना हायवेवरच पडतं. आधी शिकाऊ डॉक्टर बघतात, मग वरिष्ठ. अर्धा दिवस जातो, पण आजाराचं निदान होत नसेल तर दोनदा बघितलं जाणं फायद्याचंच.

मोतीबिंदूचं थोडं सविस्तर सांगते, कारण लोक इथेच गोंधळतात. 'पिकू द्या' हा सल्ला जुना झाला. रोजच्या कामात अडू लागलं की काढावा. खाजगीत पॅकेजचे भाव बरेचसे भिंगावर ठरतात. महागडं मल्टिफोकल भिंग दूर-जवळ दोन्ही दाखवतं, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. रात्री गाडी चालवणाऱ्याने, आणि काचबिंदू किंवा खराब पडदा असलेल्याने साधं मोनोफोकल (एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारं) घेऊन वाचायला चष्मा लावावा, हे माझं ठाम मत आहे. भिंगाचं नाव आणि एकूण खर्च लिहून मागा.

लहान मुलांना तक्ता वाचता येत नाही म्हणून थांबू नका. तिरळेपणा किंवा आळशी डोळा (नीट वापरला न गेल्याने एका डोळ्याची नजर कमी राहणं) सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर उपचार चांगला लागू पडतो, आणि तो बघणारा डॉक्टर मुलांच्या डोळ्यांचा अनुभव असलेला हवा.

अचानक विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके वाढले किंवा पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर यातली कुठलीच तुलना करत बसू नका. त्याच दिवशी पडद्याच्या तज्ज्ञाकडे जा. जाताना सोबत कुणाला तरी न्या. थेंब टाकल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं, तशा डोळ्यांनी स्कूटर चालवत घरी येता येत नाही.