लग्नसराईनंतर कोट-सूट कसे ठेवावेत: मे ते डिसेंबर वापरून पाहिलेलं सामान

वापरलेलं सामान असं: रुंद खांद्याचे चार लाकडी हँगर, मांजरपाटाची (जाडसर कोऱ्या सुती कापडाची) शिवून घेतलेली दोन कव्हरं, बाजारात मिळतात तशी नॉन-वोव्हन कापडाची चेनवाली दोन कव्हरं, अर्धा किलो सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे), कॅल्शियम क्लोराइडच्या पाणी शोषणाऱ्या दोन डब्या, डांबरगोळ्या, एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणि कपड्यांचा केसाळ ब्रश. कपडे चार: शुद्ध लोकरीचा सूट, टेरीवूलचा (पॉलिएस्टर-लोकर मिश्र) सूट, टी.आर. सुटिंगचा (पॉलिएस्टर-व्हिस्कोस मिश्र) सूट आणि एक जोधपुरी. जागा जळगाव. दोन सूट लोखंडी कपाटात, दोन प्लायवूडच्या.

आपल्याकडे सूटचं वर्ष लग्नाच्या तिथींवर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की कोट बाहेर निघतो आणि आषाढी एकादशीच्या आधीची शेवटची लग्नं झाली की आत जातो. म्हणजे सूट सगळ्यात जास्त घामेजलेला असतो तेव्हाच कपाटात शिरतो आणि पावसाचे चार महिने तिथेच बंद राहतो. कसर लागणं, बुरशी, कॉलरला पिवळेपणा, दिवाळीनंतर दार उघडताच येणारा कुबट वास, हे सगळं या एका गोष्टीतून येतं. म्हणून आत टाकण्याआधीचा अर्धा तास कुठल्याही महागड्या कव्हरपेक्षा मोलाचा आहे.

त्या अर्ध्या तासात आधी खिसे उलटे करा. वरचा खिसा, आतले खिसे, आणि पँटीची मोहरी बाहेरून दुमडलेली असेल तर तिची घडीसुद्धा. अक्षता हमखास निघतात. हळद-कुंकू लावलेला तांदळाचा दाणा महिनोन्‌महिने खिशात राहिला की अस्तराला पिवळा ठिपका पडतो आणि किड्यांना खाद्य मिळतं. मग कोट उजेडात तिरका धरून पुढची बाजू बघा. वरण-बट्टीवरचं तूप, भरताचं किंवा शेवभाजीच्या तर्रीचं तेल काळ्या-निळ्या कापडावर त्या दिवशी दिसत नाही. हवेशी संयोग होऊन तोच डाग काही महिन्यांत पिवळट, चिवट होतो. डाग दिसला तर लाँड्रीवाल्याला बोट ठेवून दाखवा आणि कशाचा आहे तेही सांगा. तेलाचा डाग ड्रायक्लीनच्या द्रावकात जातो. घामाचं मीठ मात्र त्याने पुरतं निघत नाही, कारण ते पाण्यात विरघळणारं आहे. म्हणून कॉलर, मुंढे आणि अस्तराची काखेची बाजू गार पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने टिपून घ्यावी आणि रात्रभर पंख्याखाली वाळवावी. घासू नका, अस्तर चुरगळतं.

ड्रायक्लीन हंगाम संपताना एकदा, एवढंच पुरेसं आहे. दर लग्नानंतर द्यायची सवय असेल तर मोडा. आपल्याकडे शिवलेल्या बहुतेक कोटांच्या पुढच्या भागात फ्यूजिंग असतं, म्हणजे कापडाला आतून उष्णतेने चिकटवलेला थर. वारंवार द्रावक आणि कडक इस्त्री मिळाली की तो डिंक जागोजागी सुटतो आणि छातीवर, लॅपेलवर (कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्टीवर) बारीक फुगे येतात. ते कायमचे दुरुस्त होत नाहीत. आत चिकटवलेल्या थराऐवजी कॅनव्हास शिवलेला कोट यातून वाचतो, पण त्याची शिलाईही तशीच घेतली जाते.

लाँड्रीतून आलेलं पातळ प्लास्टिक त्याच दिवशी काढून टाका. आत द्रावकाचा वास आणि वाफेच्या इस्त्रीचा ओलावा कोंडलेला असतो. कोट एक रात्र पंख्याच्या हवेत टांगून मगच कपाटात घाला.

आता हँगर. लाँड्रीच्या तारेच्या हँगरवर कोट दोन महिने राहिला की बाहीच्या वर खांद्याला टोक येतं, पॅड मधोमध वाकतो. लाकडी हँगर निवडताना टोकाची जाडी बघा, ती दीड-दोन इंच हवी. कोटाच्या पाठीवरून एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजा आणि हँगर त्यापेक्षा इंचभर कमी घ्या, म्हणजे दोन्हीकडे अर्धा इंच आत राहतो. मोठा घेतला तर बाही आतून ढकलली जाते. हे चार हँगर सतरा इंची आहेत. खांदे मेमध्ये होते तसेच डिसेंबरमध्ये निघाले. या सगळ्या सामानात सर्वांत आधी पैसे इथेच घालावेत.

अडचण कपाटाची आहे. घराघरांतली लोखंडी कपाटं बाहेरून एकोणीस इंचांच्या आसपास खोल असतात, दाराची जाडी जाता आत आणखी कमी. सतरा इंची हँगरवर कोट चढला की बाह्या दाराला घासतात, आणि दाराला आतून आरसा किंवा पट्टी असेल तर एकच बाही वर्षभर दाबली जाते. उपाय एवढाच की हँगर दांडीवर तिरपे लावायचे. त्यात जागा जाते, दोन कोटांमध्ये बोटभर अंतर ठेवलं तर अशा कपाटात तीन-चारच सूट मावतात. नवीन फर्निचर करून घेणार असाल तर सुताराला आतून बावीस इंच खोली सांगा. पँट वेगळी टांगा, क्रीजवर घडी घालून मोहरीकडून क्लिपला, बेल्ट काढून. उंची नसेल तर जाड दांडीवर मधोमध घडी चालते.

कव्हरमध्ये मांजरपाटाने बाजी मारली. चोवीस इंच रुंद, बेचाळीस इंच लांब, खालून बंद, बाजूला चार इंचांची पट्टी, वर हँगरच्या हुकापुरतं भोक. छत्तीस इंची पन्ह्याचं अडीच मीटर कापड एका कव्हरला पुरतं, पट्ट्या उरलेल्या रुंदीतून निघतात. एक गोष्ट मात्र टाळू नका: मांजरपाटाला खळ असते. ती न काढता कव्हर शिवलं तर पिष्टमय पदार्थ खाणाऱ्या कसरीला आमंत्रणच. आधी रात्रभर पाण्यात भिजवा, मग गरम पाण्यात धुवा. पाणी दुधाळ यायचं थांबेपर्यंत धुवायचं. त्यात कापड आटतंही, म्हणून अडीच मीटर. चेनऐवजी सुती नाड्या लावल्या, कारण चेनचे दात लॅपेलला लागतात.

नॉन-वोव्हन कव्हर वाईट नाही. हवा जाते, धूळ थांबते. पण सप्टेंबरपर्यंत शिवण खांद्याजवळ उसवली आणि समोरची पारदर्शक खिडकी कडक झाली. वैशाखातल्या वावटळीत फटींतून येणारी मातीची बारीक धूळ दोन्ही प्रकारच्या कव्हरांनी अडवली. तिच्याकडे दुर्लक्ष नको, ती धाग्यांत बसून कापड झिजवते. ब्रश वरून खाली, लांब हाताने, आधी कॉलरखाली आणि मग बाकी.

ओलाव्याबद्दल एक समज खोडावा लागेल. मे महिना कोरडा असतो हे खरं, पण घराबाहेर. ज्या खोलीत कूलर रात्रंदिवस चालतो तिथली हवा श्रावणासारखी असते. कूलरच्या झोतासमोर कपाट असेल तर मेमध्येच मापकावर सत्तरीपुढचे आकडे दिसतात. त्याच घरातल्या कूलर नसलेल्या खोलीत तेव्हा चाळीसही नसतात. सूटचं कपाट कूलरच्या खोलीत ठेवू नका. धाब्याच्या घरात किंवा ओल येणाऱ्या भिंतीला लागून असेल तर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पायाखाली विटा द्या.

कपाटातल्या आर्द्रतेचं लक्ष्य ४५ ते ६० टक्के. ६५-७०च्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशी धरते. स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी चुकतो, म्हणून तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात ते नुसतं ओलं होईल एवढं पाणी, मापकासह घट्ट डब्यात आठ तास. आकडा ७५ यायला हवा. जो फरक दिसेल तो कागदावर लिहून मापकाला चिकटवा.

सिलिका जेलने मात्र निराशा केली, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अर्धा किलो जेल फार तर दीडशे ग्रॅम पाणी धरतं. लोकर स्वतःच ओलावा पिते: हवा ६० वरून ८० टक्क्यांवर गेली की दीड किलोचा एक सूट ५० ग्रॅमच्या वर पाणी ओढून घेतो आणि हाताला ओला लागतही नाही. त्यात कपाटाच्या फटींतून हवा सतत येत राहते. ऑगस्टमध्ये नारिंगी दाणे आठवड्याभरात हिरवे पडत होते, म्हणजे ओलाव्याने भरून जात होते, आणि दर वेळी ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवावे लागत होते. दारांना रबरी पट्टी लावल्यावर तोच माल जवळपास तीन आठवडे टिकला. आधी पट्टी, मग जेल. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या पाणी भरपूर ओढतात, पण त्यांत साचलेलं खारं पाणी सांडलं तर कापडावरचा तो डाग वाळतच नाही. ठेवायचीच तर तळाला, ताटलीत, आणि त्यावर कपडा लोंबणार नाही अशा जागी.

डांबरगोळ्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून त्या वरच्या फळीवर, सुती पुरचुंडीत ठेवायच्या, खिशात कधीच नाही. सैल दाराच्या कपाटात त्यांचा वास पसरतो, किडा मरत नाही. उन्हाळ्यात लवकर उडूनही जातात. कापूर आणि डांबरगोळी शेजारी ठेवू नका, दोन्ही एकमेकांत मिसळून वितळतात आणि तेलकट डाग पाडतात. घरात तान्हं बाळ असेल तर डांबरगोळ्या पूर्ण टाळा. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात आणि कावीळ होते. सावलीत खडखडीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला कापडात बांधून ठेवला तर नुकसान नाही, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर लोकर सोडू नये. स्वच्छ, कोरडा सूट बंद कव्हरमध्ये असेल तर अळी लागण्याची शक्यता बरीच कमी होते.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा, उघाडीचा दिवस बघून दोन तास सावलीत वारा द्या. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र थेट घालू नका, नेव्ही आणि काळ्या रंगाचे खांदे विटतात. जोधपुरीच्या कॉलरचा हूक लावूनच टांगा, नाहीतर कॉलर बाहेर लोळते. जरदोसीची शेरवानी टांगूच नका, वजनाने खांदा ओढला जातो. ती जुन्या धुतलेल्या पांढऱ्या धोतरात गुंडाळून आडवी ठेवा.

कार्तिकात सूट बाहेर काढल्यावर लगेच इस्त्री नको. अंघोळीनंतरच्या वाफाळलेल्या बाथरूममध्ये दहा मिनिटं, मग पंख्याखाली रात्रभर. बहुतेक सुरकुत्या तेवढ्यात जातात, उरलेल्या सुरकुत्या ओल्या सुती फडक्यावरून मध्यम इस्त्रीने काढा. मांजरपाटाची कव्हरं तेव्हाच धुऊन वाळत घाला, मेपर्यंत तयार असतात. नॉन-वोव्हन दोन्ही काढून त्यांच्या जागी मांजरपाटाचीच आणखी दोन शिवायला टाकली आहेत.