समोरासमोर दारं असलेल्या अपार्टमेंटमध्ये कॅमेरा कोणता लावावा?

दिवाळीला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडं निघताना बंद फ्लॅटची काळजी लागतेच. तेव्हा कॅमेरा लावावासा वाटणं अगदी रास्त आहे. पण छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडमधल्या बऱ्याच अपार्टमेंटांत दारं समोरासमोर असतात आणि मधला पॅसेज जेमतेम असतो. आपल्या चौकटीवर कॅमेरा बसवला की त्यात आपलं दार कमी आणि शेजाऱ्याचं जास्त दिसतं.

त्यात आपल्याकडं ते दार उन्हाळाभर उघडंच असतं. पारा चाळीसच्या वर गेला की कूलर लागतो, आणि कूलरच्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर घरात नुसता दमटपणा साचतो. म्हणून लाकडी दार सताड उघडं ठेवून फक्त जाळीचं लावायचं. दिवसा जाळी थोडा आडोसा देते. संध्याकाळी हॉलमध्ये दिवा लागला आणि पॅसेजमध्ये अंधार असला की आतलं सगळं बाहेरून दिसतं: अंगावर गाऊन असलेल्या काकू, खाली निजलेली पोरं, आजारी आजोबांची कॉट. त्यामुळं कंपनी आणि किंमत नंतर बघा, आधी कॅमेऱ्याच्या चौकटीत काय येतंय ते बघा.

दारावरचा वाय-फाय कॅमेरा सगळ्यात सोपा. स्वतः बसवता येतो, कुणाला विचारावं लागत नाही, मोबाइलवर गावाकडूनही दिसतो. त्याचा त्रासही त्यातूनच येतो. २.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०० अंशांचा पट्टा पकडते, म्हणजे अरुंद पॅसेजमध्ये काहीच सुटत नाही. बहुतेकांत माइक असतो, म्हणून समोरच्या घरातलं बोलणंही नोंदलं जातं. चित्रणाचा वेग सेकंदाला २ मेगाबिट धरला तर एका दिवसाला सुमारे २१ जीबी लागतात. १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरतं आणि जुनं पुसलं जायला लागतं. कार्ड कॅमेऱ्यातच असेल तर चोर कॅमेऱ्यासकट पुरावाही घेऊन जाईल. हाच कॅमेरा लावायचा असेल तर तो समोर रोखू नका. बाजूच्या भिंतीवरून आपल्या कुलपाकडं आणि जिन्याच्या पायऱ्यांकडं वळवा, माइक बंद करा, आणि सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्कची सोय असेल तर समोरच्या दाराचा भाग काळा करा. मग शेजाऱ्यांना घरात बोलवा: "काका, जरा बघा बरं, यात तुमचं काय दिसतंय का?" एवढं केलं की निम्मे वाद उभेच राहत नाहीत.

दाराच्या छिद्रात बसणारा किंवा बेलसोबत येणारा कॅमेरा माझ्या मते जास्त सभ्य आहे. तोंड त्याचंही समोरच असतं, हे खरं. पण बेल वाजल्यावरच चित्रण सुरू होईल असं ठेवता येतं, आणि एकट्या ज्येष्ठांना किंवा दिवसा घरी असणाऱ्या बाईला दार उघडण्याआधी कोण आलंय एवढंच हवं असतं. उणीव उघड आहे: चोर बेल वाजवत नाही. सुट्टीपुरती हालचालीवर चित्रणाची सोय चालू करून शेजाऱ्यांना तसं सांगून जावं.

तिसरा पर्याय सगळ्यांच्या खर्चातून बसवलेले सामायिक कॅमेरे. गेट, पार्किंग, लिफ्ट आणि तळमजल्यावर जिन्याच्या सुरुवातीला ते असले तर आलेला-गेलेला प्रत्येक माणूस दिसतो, आणि कुणाच्याही घरात नजर जात नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं हेच सर्वांत उपयोगी. मात्र डीव्हीआर (सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) कुठं आहे आणि पासवर्ड कुणाकडं आहे, हे आधी ठरवा. तो एखाद्या पदाधिकाऱ्याच्या हॉलमध्ये असेल आणि टीव्हीवर दिवसभर चालू असेल, तर कोणाकडं कोण किती वाजता आलं याची चर्चा अख्ख्या बिल्डिंगमध्ये होते. लातूरला शिकवण्यांसाठी फ्लॅट भाड्यानं घेऊन राहणाऱ्या मुलींना याची झळ सर्वांत आधी बसते. त्या भाडेकरू असतात, सभेत त्यांना आवाज नसतो. ही गोष्ट मला फार लागते. म्हणून सभेत ठराव करा: डीव्हीआर कुलूपबंद पेटीत, पासवर्ड दोघांकडं, कारण लिहून दिल्याशिवाय चित्रण दाखवायचं नाही, कुणी पाहिलं त्याची वहीत नोंद, आणि ठरावीक दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जाईल अशी सोय. वीज जाते म्हणून छोटा यूपीएस हवाच.

गच्चीवर कॅमेरा नकोच. तिथं कुरडया-पापड वाळतात आणि उन्हाळ्यात माणसं झोपतात. पाण्याच्या टाकीसाठी हवाच असेल तर फक्त टाकीचं झाकण दिसेल असा लावा.

कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू नाही, त्यामुळं शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यावर त्याचा फारसा भरवसा धरू नका. न्हाणीघराच्या किंवा बेडरूमच्या खिडकीवर कॅमेरा रोखून बाईचं खासगी चित्रण केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद होऊ शकते. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं एकाच घरात राहणाऱ्यांच्या वादात, सहरहिवाशांच्या संमतीविना घराच्या राहत्या भागात चालवलेले कॅमेरे खासगीपणाचा भंग ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप केला नाही. तो वाद घराच्या आतल्या कॅमेऱ्यांचा होता. पॅसेजमधल्या कॅमेऱ्याला तो जसाच्या तसा लागू होईल असं समजू नका.

माझा सल्ला असा: बिल्डिंगमध्ये एकी असेल तर सामायिक कॅमेरे आणि ज्याला हवा त्याला बेलचा कॅमेरा. एकी नसेल, वर्गणी निघत नसेल, तर दारावरचा लावा, पण बाजूला वळवून, माइकशिवाय. आणि शेजाऱ्याचा कॅमेरा आधीच तुमच्या दारावर रोखलेला असेल तर पहिल्यांदा स्क्रीन दाखवायला सांगा. नकार आला तर तुमच्या दारातून कॅमेरा कसा दिसतो त्याचा फोटो जोडून सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कॅमेरा बेडरूम-बाथरूमकडं असेल तर मात्र सभेची वाट न बघता थेट पोलीस ठाण्यात जा.