विभागीय केंद्र बंद झाल्यानंतरचे अकरा महिने : एका सभासदाचा अनुभव

आमच्या अभियंता संस्थेचं विभागीय केंद्र बंद होऊन या महिन्यात अकरा महिने झाले. मी यंत्रांच्या देखभालीत काम करतो आणि एकोणीस वर्षं सभासद आहे. केंद्र बंद करत असल्याची ईमेल आली तेव्हा फार राग आला होता, पण तेव्हा लिहिलं नाही. ‘सभासदांच्या सेवेत खंड पडणार नाही’ असं त्यात म्हटलं होतं. ते खरं की खोटं हे नवी व्यवस्था वापरल्याशिवाय सांगता आलं नसतं. आता पुरेशी वापरून झाली आहे.

नवी व्यवस्था अशी आहे : दर महिन्याची व्याख्यानं ऑनलाइन, तीन महिन्यांतून एकदा भाड्याच्या सभागृहात मेळावा, आणि ग्रंथालय डिजिटल. वर्गणी तेवढीच.

आधी जे चांगलं झालंय ते सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. या वर्षात मी एकही व्याख्यान चुकवलं नाही. पूर्वी शिफ्ट संपवून केंद्रावर पोहोचेपर्यंत निम्मं व्याख्यान होऊन गेलेलं असायचं. रात्रपाळीचे लोक आता दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग बघतात. आमच्या विभागात केंद्रापासून चार-पाच तासांच्या अंतरावर राहणारे सभासद आहेत. त्यांनी इतकी वर्षं वर्गणी भरली आणि केंद्राची पायरीही चढली नाही. घरी लहान मूल असलेल्या एका सहकारी बाईंनी मला सांगितलं की सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सभासद असल्यासारखं वाटतंय. हे ऐकल्यावर ‘जुनं तेच चांगलं होतं’ असं म्हणायची माझी तयारी नाही.

डिजिटल ग्रंथालयही उत्तम. शोध चटकन लागतो, जुने अंक घरबसल्या वाचता येतात. त्याबद्दल तक्रार नाही.

केंद्र बंद करण्याचं कारणही मी ताळेबंद उघडून वाचलं. इमारत जुनी, लिफ्ट आणि आगप्रतिबंधक यंत्रणा बदलायला आलेली, छताची दुरुस्ती दरवर्षी पुढे ढकललेली. २०२० मध्ये टाळेबंदीत सगळं ऑनलाइन गेलं आणि नंतर लोक पूर्वीच्या संख्येने परत आलेच नाहीत. सभागृह बाहेरच्यांना भाड्याने देऊन जो हातभार लागायचा तोही आटला. मुख्यालयाचा मुद्दा असा की इमारतीचा खर्च सगळे सभासद भरतात आणि उपयोग जवळ राहणाऱ्यांनाच होतो. हा मुद्दा खोडता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की केंद्राचा उपयोग मोजताना त्यांनी फक्त व्याख्यानाला आलेली डोकी मोजली.

सभागृहाच्या दाराबाहेर, जिन्याला लागून एक काचेचं कपाट होतं. सभासदांनी वर्षानुवर्षं आणून ठेवलेले तुटके भाग त्यात होते : दातांवर खड्डे पडलेला गिअर, बेअरिंगचा चुरा झालेला पिंजरा, फाटलेली बॉयलरची नळी आणि एक तुटलेला बोल्ट, अंगठ्याएवढा जाड. ओहोटीला वाळूवर रेघा राहतात तशा बारीक कमानी त्या बोल्टच्या तुटलेल्या तोंडावर होत्या. बोट फिरवलं की बराचसा भाग गुळगुळीत लागायचा आणि एका कडेचा छोटा तुकडा खडबडीत. (प्रत्यक्ष तपास चालू असताना तुटलेल्या पृष्ठभागाला असा हात लावायचा नसतो, हा नमुना शिकण्यापुरता होता.) गुळगुळीत भागात तडा हळूहळू पुढे सरकत गेलेला असतो आणि खडबडीत तेवढा शेवटी एका दणक्यात तुटतो. खडबडीत भाग लहान असेल तर तुटताना बोल्टवर भार फार नव्हता, हे नुसत्या नजरेने ओळखता येतं.

मी नवखा असताना एका ज्येष्ठ सभासदांनी तो बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, “का तुटला असेल रे? बारीक पडला?” मी म्हणालो, “हो सर, तसंच वाटतंय.” ते म्हणाले, “बोल्ट दणकट होता. आवळला मी होता, आणि कमी आवळला होता.”

नीट ताणून आवळलेल्या बोल्टला बाहेरच्या भाराचा चढउतार फारसा जाणवत नाही, कारण तो बराचसा दाबून धरलेले भागच झेलतात. बोल्ट सैल राहिला की प्रत्येक हेलकावा त्याच्यावर येतो, आटे सुरू होतात तिथे फटीग सुरू होतं, म्हणजे वारंवारच्या हेलकाव्यांनी तडा पडतो आणि वाढत जातो. पुस्तकात हे मी आधी वाचलेलं होतं. पण त्या दिवसापासून टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना) हातात घेतली की मला त्यांचा आवाज ऐकू येतो. माणूस स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगत होता, आणि ऐकायला जिन्यावर आम्ही दोघंच होतो.

नव्या व्यवस्थेत चौथ्या महिन्यात याच विषयावर व्याख्यान झालं. वक्ते अप्रतिम होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रं अशी की कपाटातल्या बोल्टवर मी ते कधीच पाहू शकलो नसतो. चॅटमध्ये प्रश्नांची रांग लागली. प्रश्न चांगले होते, पण सगळे सूत्रांचे आणि प्रमाणांचे. “आमच्याकडे असं झालं, आमचं चुकलं” असं म्हणणारा एकही नव्हता. दोन दिवसांनी एका तरुण सहकाऱ्याचा फोन आला. त्याच्या कारखान्यात एकाच फ्लँजचे बोल्ट वर्षात दोनदा तुटले होते, आणि आवळण्याची पद्धत त्यानेच लिहून दिलेली होती. मी विचारलं, “अरे, मग त्याच वेळी का नाही विचारलंस?” तो म्हणाला, “सर, तिथे दोनशे लोक होते आणि रेकॉर्डिंग चालू होतं. आमच्या मॅनेजरनी नंतर बघितलं तर?”

अकरा महिन्यांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या एका वाक्याने. केंद्रातला जिना, व्हरांडा, पार्किंगमधल्या गप्पा यांची कुठेही नोंद होत नव्हती, म्हणूनच तिथे माणसं खरं बोलत. ऑनलाइन व्याख्यानाचा मोठा गुण तो जपून ठेवता येतो हा, आणि नेमक्या त्याच गुणामुळे चूक कबूल करायची तिथे कोणाची छाती होत नाही. आमच्या धंद्यात तर दुसऱ्याच्या चुकीवरूनच आपलं यंत्र वाचतं.

विमानवाहतुकीने हे फार पूर्वी ओळखलं. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांना आणि हवाई नियंत्रकांना आपल्या हातून घडलेलं गोपनीयपणे कळवता येतं. ते अहवाल नियामक संस्था स्वतः घेत नाही. ते काम नासाकडे आहे, आणि पुढे पाठवण्याआधी नावं काढून टाकली जातात. चूक सांगायला सुरक्षित जागा मुद्दाम तयार करावी लागते, हे त्यांनी धरूनच चाललं. आम्हाला ती जागा इमारतीबरोबर आयती मिळालेली होती, त्यामुळे तिची किंमत कोणी लावली नाही.

व्यावसायिक संस्थांची सुरुवातही याच गरजेतून झाली असं मला वाटतं. ब्रिटनमधल्या सिव्हिल इंजिनिअरांची संस्था १८१८ मध्ये काही तरुण अभियंत्यांनी एका कॉफीगृहात बसून काढली. यांत्रिक अभियंत्यांची संस्था १८४७ मध्ये लंडनला नाही, बर्मिंगहॅमला सुरू झाली. जॉर्ज स्टीफन्सन तिचे पहिले अध्यक्ष, आणि मुख्यालय लंडनला गेलं ते १८७७ मध्ये. कारखाने जिथे, तिथे बैठका. १८४९ मध्ये तिथे रेल्वे अभियंते मॅककॉनेल यांनी रेल्वेच्या आसांवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यांवर, निबंध वाचला. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला होता, आणि आस का तुटतात हा त्या काळचा जळता प्रश्न होता. हादऱ्यांनी लोखंड स्फटिकासारखं ठिसूळ होतं अशी अनेकांची समजूत होती. ती चुकीची होती, पण तिच्यावर वाद घालायला अभियंते तिथे समोरासमोर बसले. आस तुटत होते ते फटीगने, आणि आमच्या कपाटातला बोल्टही त्याच दुखण्याने मेलेला.

आता मेळाव्यांबद्दल. चारपैकी तीन मेळाव्यांना गेलो. सभागृह दरवेळी वेगळं, खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, कार्यक्रम संपला की दहा मिनिटांत दिवे बंद. वॉचमनचा काही दोष नाही, पुढचं बुकिंग असतं. पण लोक बोलायला लागतात ते नेमके तेव्हाच. केंद्रात आमचे केअरटेकर व्हरांड्यातला एक दिवा मुद्दाम चालू ठेवायचे आणि “साहेब, सावकाश” म्हणायचे. त्या दिव्याखाली मी किती तरी बंद पडलेले पंप सुरू होताना ऐकले आहेत. तिसऱ्या मेळाव्यानंतर आम्ही सातजण रस्त्याच्या कडेला उभे राहून बोललो. रहदारीत काही ऐकू येईना, पंधरा मिनिटांत पांगलो.

सातव्या महिन्यात मी विभागीय समितीला लिहिलं की व्याख्यानानंतर अर्धा तास रेकॉर्डिंग बंद ठेवून लहान गटांत बोलू द्या. त्यांनी लगेच मान्य केलं, याबद्दल मनापासून आभार. पहिल्या वेळी आमच्या गटात सहाजण होते, तीन कॅमेरे बंद. कोणीच बोलेना. दुसऱ्या वेळी मी माझ्यापासून सुरुवात केली : एका गिअरबॉक्समध्ये मी चुकीच्या दर्जाचं तेल भरलं होतं आणि बेअरिंग जळेपर्यंत ते कबूल केलं नव्हतं. बराच वेळ शांतता होती. मग एका बाईंनी त्यांच्याकडचा शाफ्ट अलाइनमेंटचा गोंधळ सांगितला. तिसऱ्या वेळी आणखी दोघं बोलले. म्हणजे जमतं, पण अनोळखी माणसांत फार हळू जमतं. मोकळेपणाने बोलणारे सगळे एकमेकांना केंद्रावर भेटलेले जुने सभासद होते. गेल्या वर्षभरात दाखल झालेल्यांपैकी अजून एकानेही तोंड उघडलेलं नाही, आणि मला त्यांचीच काळजी आहे. आम्ही जुनी ओळख खर्च करून चालवतोय. त्यांच्याकडे खर्चायला काही नाही.

कोणी विचारलं की सभासदत्व घ्यावं का, तर माझं उत्तर असं : व्याख्यानं, मानकं, वाचन यांसाठी जरूर घ्या, आज ते पूर्वीपेक्षा चांगलं मिळतं. दूर राहत असाल तर विचारही करू नका, घ्याच. पण नुकतं काम सुरू केलं असेल आणि कोणी अनुभवी माणूस पाठीशी हवा असेल, तर तो आपोआप भेटेल अशा भरवशावर राहू नका. मेळाव्याला या, माझ्यासारख्या कोणालाही गाठा आणि नंबर मागा. आम्ही देतो.

इमारत परत मागण्यात अर्थ नाही, ती गेली. मी वार्षिक सभेसाठी ठराव तयार केला आहे : महिन्यातला एक ठरलेला वार, एकच ठरलेली खोली, मग ती एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची कार्यशाळा का असेना, आणि वेळेच्या शेवटी किमान एक तास मोकळा. खोलीत ते कपाट ठेवायला जागा असावी हेही लिहिलंय. कपाटातल्या वस्तू सध्या समितीच्या एका सदस्यांच्या गोदामात खोक्यांत आहेत. मी जाऊन बघून आलो. बोल्ट वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, गंज चढायला लागला होता. तेलाचं बोट फिरवून परत ठेवला.

वर्गणी मी भरली आहे. ठरावाला वीस सह्या लागतात, सतरा झाल्या आहेत.