प्रागचं प्राणिसंग्रहालय: घोड्यांची सोयरीक जुळवणारी वही

लेक प्रागला नोकरीला आहे. मे महिन्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा तिनं विचारलं, "आप्पा, आधी किल्ला बघायचा की प्राणिसंग्रहालय?" सांगली जिल्ह्यात तेहतीस वर्षं गुरांचा डॉक्टर म्हणून काढलेल्या माणसाचं उत्तर तिला ठाऊकच होतं.

जायला सोपं आहे. मेट्रोनं नाद्राझी होलेशोव्हित्से, तिथून ११२ नंबरची बस थेट दारात सोडते. वर्षाचे सगळे दिवस उघडं असतं. जागा नदीकाठच्या सपाटीवरून टेकडीवर चढत जाते, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर आतला खुर्च्यांचा रोपवे घ्या. पूर्ण दिवस हाताशी ठेवा. घडियालांचं दालन चुकवू नका. चेन्नईजवळच्या मगर-केंद्रातून आलेली आपल्याकडची घडियालं तिथं आहेत, लांब तोंडं पाण्याबाहेर काढून निवांत पडलेली.

पण मी गेलो होतो घोड्यांसाठी. प्रेझवाल्स्कीचा घोडा, मंगोलियात त्याला 'ताखी' म्हणतात. बुटका, जाड मानेचा, अंग पिवळसर तांबूस, तोंड पांढरट, पायांवर गडद पट्टे. आयाळ ताठ उभी, कपाळावर झुलपं नाहीत. आपल्या पाळीव घोड्याची गुणसूत्रं ६४, याची ६६. कुंपणापाशी उभं राहून मी आधी खुर पाहिले, मग पाठ, मग डोळे. सवय जात नाही. जनावरं उत्तम आहेत.

या जातीचा रानातला शेवटचा घोडा १९६९ मध्ये गोबीत दिसला, त्यानंतर रान रिकामं. उरले ते प्राणिसंग्रहालयांत, आणि आज जगात जेवढे ताखी आहेत ते सगळे जेमतेम डझनभर पूर्वजांचे वंशज आहेत. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा पैदास टिकून होती ती फक्त दोन ठिकाणी, म्युनिकला आणि प्रागला. प्रागचं घराणं अली आणि मिंका या जोडीपासून चालत आलेलं.

डझनभर पूर्वज म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्या भागातल्या एका गावात खिलारचा एकच वळू बारा वर्षं होता. देखणा होता म्हणून कुणी बदलेना. त्याच्या लेकी त्याच्याच खाली, मग नातीही. वासरं अंगानं मरतुकडी, गाई उलटायला लागल्या, गाभण राहीनात. वळू बदला म्हणून मी घसा कोरडा केला. आणि आपल्या देशातल्याच एका प्राणिसंग्रहालयात चितळांचा अख्खा कळप दोन-तीन जनावरांपासून वाढलेला पाहिला. कोण कुणाचं पाडस, याची एका ओळीची नोंद नव्हती. त्या दिवशी घरी येऊन मला जेवण गेलं नव्हतं.

म्हणून प्रागचं मोल. १९५९ मध्ये निरनिराळ्या देशांतले जाणकार इथं जमले आणि तेव्हापासून या घोड्यांचं आंतरराष्ट्रीय स्टडबुक, म्हणजे वंशावळीची वही, प्रागकडे आहे. आपल्याकडे हेळवी येतो, पोथी उघडतो आणि घराण्याच्या पिढ्या घडाघडा सांगतो ना, तसंच. फरक एवढाच की या पोथीत जगभरचे घोडे आहेत. प्रत्येक शिंगराला क्रमांक, आई कोण, बाप कोण, जन्म कुठं, मेलं कधी. बर्लिनची भिंत पडण्याआधीच्या युरोपात, एकमेकांशी अबोला धरलेल्या देशांतली प्राणिसंग्रहालयं या वहीसाठी मात्र आपापल्या नोंदी पाठवत राहिली. १९४७ मध्ये मंगोलियात पकडलेली ओर्लित्सा नावाची घोडी पुढं युक्रेनमधल्या अस्कानिया-नोव्हाला गेली; त्या एका घोडीनं आणलेलं नवं रक्त किती मोलाचं, ते वही असल्यामुळेच कळलं. जुन्या काळी जर्मनीत हाले इथं एक मंगोलियन पाळीव घोडी या वंशात मिसळली, तेही वहीत आहे. लपवलेलं नाही. मला हे फार आवडलं.

या नोंदींवरूनच सोयरीक ठरते. ज्याचे नातेवाईक कमी, त्याच्या पैदाशीला आधी मान. नर इथून त्या देशात, घोडी तिथून या देशात, आणि या देवाणघेवाणीत बहुधा विक्री नसते. जास्तीचे नर वेगळ्या नरांच्या कळपात राहतात. माणसं घोड्यावर मालकी सांगत बसली असती, तर हे जमलं नसतं.

फळ काय मिळालं? १९९२ पासून ताखी मंगोलियात परत जायला लागले. प्रागनं २०११ पासून चेक लष्कराच्या विमानांतून घोडे तिथं पोचवले. २०२४ मध्ये प्राग आणि बर्लिन मिळून ७ घोडे कझाकस्तानच्या गवताळ मैदानात गेले. पेटीत उभ्यानं इतका लांबचा प्रवास करणाऱ्या जनावराची काळजी काय असते, ते वाहनातून बैल नेणाऱ्या माणसाला विचारा. २००८ पर्यंत 'रानातून नामशेष' असा शिक्का असलेली ही जात २०११ पासून नुसती 'संकटग्रस्त' आहे. तिकिटातले काही कोरुना (तिथलं चलन) अशा कामांसाठी बाजूला ठेवले जातात, त्यामुळे तिकीट मला महाग वाटलं नाही.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांना एक सांगतो. वाघ-हत्ती दाखवाच, पण घोड्यांपाशी दहा मिनिटं थांबा आणि त्यांना आजीचं माहेर, आजोबांचं गाव विचारा. मग हे घोडे कुणाचे कोण, ते सांगा. मूल लगेच समजतं. माझ्या नातवाला समजलं, तो सहा वर्षांचा आहे.

पाचपैकी पाच तारे.

प्राणिसंग्रहालयानं शहरातच दिव्ची ह्रादी नावाच्या माळावर २०२१ पासून काही ताखी चरायला सोडले आहेत. तिथं तिकीट लागत नाही. लेक संध्याकाळी कामावरून आली की आम्ही जायचो. खाली गाड्यांची घरघर, वर हे घोडे शेपट्या हलवत गवत खाताहेत. त्यांनी एकदाही मान वर करून आमच्याकडे पाहिलं नाही. परतीच्या विमानाआधीचे तिन्ही दिवस मी तिथंच उभा होतो.