१७ किलोंवरून साडेदहावर: एअर रायफलीसोबतचे नऊ महिने

घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, “मॅडम, हिच्यात जोर आहे.” जोर होताच. फक्त प्रत्येक छर्‍यामागे तो आधी माझ्या डाव्या खांद्याला लावावा लागायचा.

रायफल देशी बनावटीची, ४.५ मिमीची, स्प्रिंगवाली. दर छर्‍याआधी नळी मोडून, म्हणजे खाली दुमडून, आतली स्प्रिंग दाबून बसवायची; याला कॉक करणं म्हणतात. २० ज्यूलच्या आतली, म्हणून परवाना लागला नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा तेवढा दिला. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफल चालवली होती. २००० साली सिडनीत अंजली वेदपाठक-भागवत १० मीटर एअर रायफलच्या फायनलला पोहोचल्या, तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणींना वरळीच्या रेंजवर जायचं होतं. मी नोकरीला लागले आणि ते राहून गेलं. हौस परत आली तोवर खांदा एकदा आखडून सुटला होता.

मुलुंडच्या आमच्या घरात ओट्यापासून आतल्या खोलीच्या भिंतीपर्यंत सात मीटर भरतात. दहा मीटरच्या कार्डावरचं वर्तुळ ४५.५ मिमीचं असतं, म्हणून त्याच प्रमाणात लहान करून ३२ मिमीचं छापून घेतलं. मागे तेलाचा रिकामा डबा, त्यात ठासून चिंध्या आणि तळाला जाड लोखंडी पत्रा. आधी शाडू भरून पाहिली होती (गणपतीची उरलेली), पण ती वाळून तडकली आणि सासूबाईंनी घरभर सांडलेली माती मला दाखवली. खोलीच्या दाराला आतून कडी, घरातले सगळे माझ्या मागे, डोळ्यांवर चष्मा, एवढं झाल्याशिवाय डबीतून छर्रा बाहेर काढायचा नाही हा नियम पहिल्या दिवसापासून आहे.

पहिल्या दोन महिन्यांत एक गोष्ट छळत होती. पहिले पंधरा छर्रे बरे लागायचे, तिसाव्यानंतर कार्डावर देवीचे व्रण उठल्यासारखी भोकं. मी दोष श्वासाला दिला, चष्म्याला दिला, छर्‍यांचे तीन प्रकार बदलले. मग एका रविवारी सामान तोलायचा हूकवाला काटा नळीच्या टोकाला अडकवून खेचला. १७ किलो! स्पर्धेत ६० शॉट असतात. तेवढे मारायचे तर हे ६० वेळा ओढायचं, आणि ज्या डाव्या हाताने ओढायचं त्याच हाताने पुढच्या क्षणी रायफल पेलून स्थिर धरायची. हात थरथरणारच.

पहिला उपाय म्हणून नळीवर चढवायला अ‍ॅल्युमिनियमचा पाइप केला. तरफ लांबली की जोर कमी लागतो हे शाळेतलंच. पण नळीवरची पुढची साइट (नेम धरायची खूण) आड येते, ती दर वेळी काढायची-बसवायची, आणि पुन्हा बसवली की नेम हलतो. पाइपावर आता मुलीचा पडदा लटकतो.

शेवटी फोर्टातल्या एका जुन्या कारागिराकडे नेली. स्प्रिंग घरी उघडू नका, हे इथेच सांगते. आत ती बंद स्थितीतही दाबलेली असते आणि मागची टोपी सुटली तर तोंडावर येते. त्यांनी शिकंज्यात धरून हळूहळू सोडली. स्प्रिंगच्या मागे एक जादा वॉशर निघाला. “हा कोणी घातला?” त्यांनी विचारलं. मला आठवण झाली ती ‘जोर आहे’ची. कॉकिंगच्या दांड्याची एक कड सिलिंडरच्या खाचेत घासत होती, तिथे लोखंड चमकलं होतं. कड घासून गुळगुळीत केली, घासणार्‍या जागी मॉलिब्डेनमचं ग्रीस लावलं, वॉशर काढला. काटा १४.५ वर आला. मग हलकी स्प्रिंग घातली: साडेदहा.

त्यांनी मापून दाखवलं. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा आधी सेकंदाला २०५ मीटरने जात होता, आता १६० ने. म्हणजे साडेदहा ज्यूलवरून साडेसहाच्या आत. ऐकताना थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कागदाला भोक पाडायला एवढं भरपूर आहे. नेम किंचित खाली गेला तो मागच्या साइटच्या दोन क्लिकमध्ये वर आला. स्प्रिंगचा धक्काही मऊ झाला. पाच छर्‍यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, २५ मिमीवरून १२–१३ वर आलाय आणि पन्नासावा छर्राही त्यातच बसतो. चपट्या तोंडाचे छर्रे वापरते, कागद स्वच्छ कापतात, गुण मोजताना वाद नाही.

पकडीचंही सांगते, कारण हे शिकायला मला फार वेळ लागला. स्प्रिंगची रायफल छर्रा बाहेर पडण्याआधीच हलते. घट्ट आवळली की दर वेळी वेगळी उडी मारते. डाव्या तळव्यावर नुसती ठेवायची आणि तिला हवी तशी हलू द्यायची. छर्रा भरताना मात्र मोडलेली नळी डाव्या हाताने धरूनच ठेवायची. स्प्रिंग अडवून धरणारा खटका निसटला तर नळी बोटं ठेचते. आणि रिकामी कधीही उडवायची नाही, पिस्टन थेट जाऊन आदळतो.

पावसाळ्याने मात्र रडवलं. फोमच्या केसमध्ये चार दिवस ठेवली आणि नळीवर माझ्या बोटांच्या ठशांचा गंज उठला, अक्षरशः रेषा मोजता येतील असा. आता कपाटात उभी, तेलाच्या फडक्याने पुसून, जवळ सिलिका जेलच्या पुड्या. तेल बाहेरूनच. एकदा कोणाचं ऐकून आत दोन थेंब टाकले, तर पहिलाच छर्रा फटाक्यासारखा फुटला, धूर निघाला आणि वॉचमन वर आला. दस्त्याचे स्क्रू दर शंभरेक छर्‍यांनी ढिले होतात. ग्रुप अचानक पसरला की मी आधी स्क्रूड्रायव्हर शोधते. शिसं हाताळलेलं असतं, त्यामुळे साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कप मिळत नाही, हा सासूबाईंचा नियम.

चाप अजून जड आहे. तोही घासून हलका करा म्हटलं, तर कारागिरांनी रायफल माझ्याकडे सरकवली. “तो घासला तर कधी आपोआप सुटेल सांगता येणार नाही. तुमच्या घरात माणसं राहतात ना?” पाचशे रुपये घेतले आणि स्क्रूच्या एका आट्याने जेवढा हलका होत होता तेवढा करून दिला.