रबर बँड उत्तम, हुकाने मात्र वात आणलाय

दात सरळ करायला ब्रेसेस लावल्यात, त्यातलं डाव्या सुळ्यावरचं ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, परत निघालं. म्हणून आज लिहितेच.

माझी केस क्लास टू, म्हणजे वरचे दात खालच्यांच्या पुढे. ते मागे ओढायला दोन्ही बाजूंना वरच्या सुळ्याच्या ब्रॅकेटवरच्या हुकापासून खालच्या पहिल्या दाढेपर्यंत छोटे रबर बँड, ३/१६ इंची, साडेचार औंस जोराचे. पाकिटावरचा हा जोर बँड व्यासाच्या तिप्पट ताणल्यावरचा असतो. मोठी जांभई आली की तो हिशोब संपला, आणि तुटलाच तर गालाला आतून सणसणीत फटका.

पहिले काही दिवस दाढा ठणकतात, मग नाही. पण फक्त रात्री घालून दिवसा सुट्टी दिलीत तर दर रात्री नव्याने ठणकतात आणि दात जागचे हलत नाहीत. जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र घालायचे, यात घासाघीस नाही.

मला सर्वात खुपलं ते रोज धडधाकट रबर कचऱ्यात टाकणं. पिशवीचं रबरसुद्धा मी जपून ठेवते! पण ताणलेल्या लॅटेक्सची ओढ लाळेत पहिल्या काही तासांतच बरीच उतरते. दिसायला बँड तसाच, अंगात जोर नाही. हे कळल्यापासून मुकाट्याने फेकते. लवकर आटपावं म्हणून दोन-दोन घालायचा मोहही आवरा. जोर ठरवणं डॉक्टरांचं काम. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, बिनलॅटेक्सचे मिळतात.

परिणाम? आरशासमोर बाजूने उभं राहून बघते तेव्हा वरखालच्या दातांतली फट स्पष्ट कमी झालेली दिसते. बँडबद्दल तक्रार शून्य.

तक्रार त्या हुकाची. तांदळाच्या दाण्याहून बारीक, त्यावर अख्ख्या उपचाराची मदार, आणि बँड अडकवताना जरा वाकडी ओढ बसली की ब्रॅकेटसकट हातात. मग त्या बाजूचा बँड बंद. एकाच बाजूने ओढत राहिलं तर वरखालच्या दातांची मधली रेघ सरकू शकते, म्हणून फोन करून विचारावं लागतं. फोनवर रिसेप्शनचं ठरलेलं उत्तर, "तुम्ही काहीतरी कडक खाल्लं असेल, परत चिकटवायचे वेगळे पैसे पडतील."

कडक काही खाल्लेलं नाही. निघालेलं ब्रॅकेट डबीत ठेवलंय. चिकटवण्याचा मसाला सगळा ब्रॅकेटच्या पाठीला आहे, दातावर कणभर नाही. म्हणजे मसाल्याने दात धरलाच नव्हता, आणि चिकटवताना दाताला लाळ लागली तर नेमकं असंच होतं. डबी डॉक्टरांसमोर उघडणार आहे, रिसेप्शनवर नाही. पैशांचं त्यानंतर बोलू.