क्रोनो ट्रिगर की फायनल फँटसी ६, आधी कुठला घ्यायचा?

जुन्या आरपीजीपैकी (पात्रं घेऊन गोष्ट पुढे न्यायचे व्हिडिओ गेम) एक खेळायचा ठरवलाय आणि गाडी या दोन नावांवर अडकलीये, असं असेल तर तुमची अडचण मला कळते, मी पण इथेच अडकलो होतो. फायनल फँटसी १९९४ चा, क्रोनो १९९५ चा, दोन्ही सुपर निन्टेन्डो या जुन्या कन्सोलवरचे, आणि दोन्ही मी शेवटपर्यंत खेळलोय. वाईट यातला एकही नाही.

गोष्टीच्या बाबतीत फायनल फँटसी ६ भारी आहे, हे आधीच सांगतो. १४ पात्रं, प्रत्येकाची लढायची तऱ्हा वेगळी, आणि खलनायक केफ्का अर्ध्यावर खरोखरच जगाची वाट लावतो. त्यानंतर आपल्या टीममधली सेलेस एका बेटावर शुद्धीवर येते, मध्ये वर्ष गेलेलं, सोबत फक्त आजारी म्हातारा सिड आणि त्याला मासे पकडून खायला घालायचे. मला माहीतच नव्हतं की झपझप पोहणारा मासा चांगला आणि रेंगाळणारा वाईट, हाताला लागेल तो मासा नेऊन देत राहिलो आणि सिड गेला. पुढच्या वेळी वाचवला, पण ती पहिली वेळ अजून डोक्यातून जात नाही. क्रोनो ट्रिगरमध्ये इतकं आत लागणारं फार नाहीये, एक जागा सोडली तर, आणि ती मी सांगणार नाही.

मग फायनल फँटसी ६ मध्ये माझं अडलं कुठे, तर रँडम एन्काउंटरवर, म्हणजे शत्रू न दिसताच अचानक सुरू होणाऱ्या लढायांवर. गुहेत शिरलं की चार पावलं, लढाई, परत चार पावलं, परत लढाई. सुरुवातीला काही वाटत नाही पण फिनिक्सच्या गुहेत माझा पेशन्सच संपला. तिथे दोन टीम करायच्या, एक टीम बटणावर उभी राहिली की दुसरीचा रस्ता उघडतो, मग दुसरी पुढे जाऊन पहिलीसाठी रस्ता करते, असं कोडं आहे आणि कोडं खरंच सुंदर आहे. पण मध्येच लढाई, ती संपवून आलो की कुठली टीम कशासाठी कुठे थांबवली होती तेच आठवेना, आठवेपर्यंत पुढची लढाई. शेवटी बंद केला आणि दोन आठवडे हातच लावला नाही.

मूगल चार्म नावाच्या ताईताने लढाया थांबतात हे खरं, पण तो बराच उशिरा मिळतो आणि घालणार फक्त मॉग हे एकच पात्र, मग दुसऱ्या टीमचं काय? पिक्सेल रीमास्टर या नव्या आवृत्तीच्या कन्सोल व्हर्जनमध्ये लढाया बंदच करायची सोय आहे, तुम्ही तो घेणार असाल तर माझी तक्रार बरीच कमी होईल कदाचित. पण लढाया बंद तर एक्सपीरियन्सही (लढून वाढणारी ताकद) बंद, मग बॉससमोर टीम कच्ची पडते, म्हणजे चालू-बंदचा हिशोब आपणच ठेवायचा.

क्रोनो ट्रिगरमध्ये शत्रू समोर दिसतात, आणि जिथे उभे आहात तिथेच लढाई सुरू होते. काहीजण अचानक झडप घालतात, ते टळत नाहीत, पण बऱ्याच जणांना वळसा घालून जाता येतं आणि मोठ्या नकाशावर तर लढाईच नाही. त्यामुळे आपण कुठे निघालो होतो हे डोक्यात राहतं, माझ्यासाठी हीच गोष्ट निर्णायक ठरली. वर शत्रू लढाईत फिरत असतात, म्हणून नायक क्रोनोचं सायक्लोन (आजूबाजूच्या सगळ्यांना एकदम लागणारा वार) मारायचं तर दोघं-तिघं जवळ येईपर्यंत थांबावंसं वाटतं, आणि तेवढ्यात ते आपल्याला मारतात! थांबू की मारू यातली ती धाकधूक मला फार आवडते.

संगीताबद्दल माझं मत विचारू नका, क्रोनोचा संगीतकार मित्सुदा आणि फायनल फँटसीचा उएमात्सु यांच्यात मला निवडता येत नाही. क्रोनो ट्रिगर हा गेम लहान आहे, माझे २३-२४ तास गेले, फायनल फँटसी सहाला त्याच्या दीडपट तरी. क्रोनो संपल्यावर न्यू गेम प्लसमध्ये सगळी ताकद घेऊन परत सुरू करता येतो आणि वेगवेगळे शेवट बघता येतात, मी तीनदा केलंय.

हातात भरपूर वेळ असेल आणि लढायांचा कंटाळा येत नसेल तर सहा घ्या, मी अडवणार नाही. पण माझ्या जवळच्या माणसाला देताना मी क्रोनोच देतो, सहा त्यानंतर. आणि हो, क्रोनोच्या सुरुवातीच्या जत्रेत टेबलावर कुणाचा तरी डबा दिसेल, तो खाऊ नका, पुढे कोर्टात तो विषय निघतो.